निरोगी बाईचा श्वास

आत येताना केसांना तेल नको. गजरा नको, पावडर नको, अत्तर नको. टिकली काढून दाराशेजारच्या आरशाला चिकटवावी, जाताना परत घ्यावी. संध्याकाळी आरशात चेहरा दिसत नाही, टिकल्याच दिसतात.

भगर चालते. शिंगाडा चालतो, राजगिरा चालतो, रताळं चालतं. भेंडी काही घरांत चालते, काही घरांत नाही. लवंग हे खाणं की नाही, यावर अजून कुणाचं एकमत झालेलं नाही.

सडायला लागलेल्या सफरचंदाचा वास आधी गोड लागतो.

नागपूरकडे मे महिन्यात कुणी ओकलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: ऊन लागलं.

“आपल्या मातीतला सेन्सर, आपल्या माणसांसाठी.” फलकावर हसणारी बाई, तिच्या कॉलरवर बटणाएवढा हिरवा ठिपका.

“मम्मी, तुमच्या कंपनीनं माझं गुपित फोडायला बटण काढलं,” ओजू म्हणाली, आणि तिनं ते बटण युनिफॉर्मच्या कॉलरला उलटं लावलं.

*

या सगळ्याची गाठ कशी पडली ते आता सांगतो.

वर्धा रोडला एक सूतगिरणी होती. ती बंद पडली, पत्रे गंजले, आणि वीसेक वर्षांनी त्याच जागेवर पांढरी, खिडक्या नसलेली इमारत उभी राहिली. आत सेन्सर बनायचे. धुळीचा कणही चालायचा नाही, म्हणून टिकली-तेल-अत्तर दारातच सोडून, गाऊन चढवूनच बायका आत जायच्या. देशाला सेन्सरची भूक होती आणि देश ते बाहेरून आणत होता; गाडीतले, फ्रिजमधले, दवाखान्यातले, सगळे. कधी जहाजं अडायची, कधी कुणी रुसायचं, आणि मग इथले कारखाने हात चोळत बसायचे. म्हणून ठरलं की आपले आपण करायचे. या इमारतीच्या वाट्याला आला श्वासाचा सेन्सर. त्याचं नाव चाहूल.

रेवती लांजेवार तिथं तपासणी विभागात होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, हात स्थिर, बोलणं कमी. तिची मुलगी ओजस्वी, घरात ओजू. नवव्या वर्षी ओजूला मधुमेह निघाला. लहानपणीच होतो तो, इन्शुलिन टोचल्याशिवाय ज्यात निभत नाही तो. दिवसातून कितीदा तरी बोटाला सुई. ओजू बोटं मुठीत लपवायची. दिनेश, रेवतीचा नवरा, एसटीच्या इलेक्ट्रिक डेपोत होता. दिवसभर लोखंडाशी झुंजणारा माणूस पोरीचं बोट धरताना तोंड फिरवायचा.

त्यामुळे कारखान्यात चाहूल बनते आहे हे कळल्यावर रेवतीला जे वाटलं, त्याला नोकरी म्हणता येत नाही.

*

चाहूल काय करते?

शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळायला घेतं. चुलीत लाकूड नाही म्हणून घरातली खुर्ची मोडून घालावी, तसं. त्या जळण्याचा धूर रक्तात उतरतो आणि थोडा श्वासातून बाहेर पडतो. त्याला ॲसिटोन म्हणतात. नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीतलंच ते. इन्शुलिन कमी पडलेल्या माणसाच्या श्वासात ते वाढत जातं, आणि वेळीच कळलं नाही तर माणूस बेशुद्ध होतो, जातो.

चाहूलच्या पोटात सिलिकॉनवर एक सूक्ष्म तवा असतो. तो तापलेला असतो आणि त्यावर धातूच्या ऑक्साइडचा थर. श्वासातले ॲसिटोनचे कण त्यावर बसले की थरातून वीज जाण्याची पद्धत बदलते. बस, इतकंच. त्या तव्याला वास कळत नाही. त्याला फक्त फरक कळतो. आणि फरक कळायचा तर आधी कुणीतरी सांगावं लागतं की साधं म्हणजे किती. निरोगी माणसाचा श्वास कसा असतो.

तो आकडा प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच भरायचा होता. पुरुषांसाठी एक, बायका आणि मुलींसाठी एक.

*

निरोगी माणसं आणायची कुठून?

दवाखान्यांशी बोलणी चालली होती, ती रेंगाळली. दसऱ्यानंतर लगेच दिल्लीहून माणसं येणार होती आणि तोवर आकडा हवा होता. प्रकल्पाचे प्रमुख घाटोळे सर म्हणाले, “बाहेर कशाला शोधता? आपल्याकडे एवढी धडधाकट माणसं आहेत. पहिल्या पाळीच्या आधी, उपाशीपोटी, एकेक श्वास द्यायचा. झालं.”

ते नवरात्राचे दिवस होते. ओजूचा आजार निघून दोन महिने झाले होते.

रेवतीच्या विभागात वर्षाताई निखाडे होती. वयानं मोठी, जिभेनं त्याहून मोठी. घट बसायच्या आदल्या दिवशी तिनं जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं, “यंदा आपला सेक्शन निरंकार धरते. ओजूसाठी. रोज दोन लवंगा, बाकी पाणी. जिले जमत नाही तिनं आत्ताच सांगा, मंग मधात भजे खाताना दिसली तर मी सोडत नाही.”

“ताई, नऊ दिवस? पाळी करून?” रेवती म्हणाली.

“तू गप बस. तुले कोण विचारून राहिलं?”

रेवतीचा देवावर असा फार भरवसा नव्हता. पण इतक्या बायका आपल्या पोरीसाठी उपाशी राहायला निघालेल्या पाहून ती डबा बंद करून बसली. तिनंही धरला.

कारखान्यातल्या बायका बहुतेक याच विभागातल्या. श्वास देताना एक नर्स विचारायची, “रात्रीपासून काही खाल्लं का?”

“नाही.”

“ताप, सर्दी?”

“नाही.”

“फुंका.”

उत्तरं खरी होती.

*

बायकांचा आकडा आला तो विदेशी आकड्यांपेक्षा बराच वर होता. पुरुषांचा मात्र जुळत होता. घाटोळे सरांनी यंत्र पुन्हा तपासलं. यंत्र बरोबर होतं. मग त्यांना जे सुचलं ते त्या काळात कुणालाही सुचलं असतं. त्यांनी निबंध लिहिला. आपल्या बायकांचा आहार वेगळा, अंगकाठी वेगळी, म्हणून श्वास वेगळा. परक्यांची मापं आपल्याला लागू नाहीत. टाळ्या पडल्या. आजवर दुसऱ्यांच्या फूटपट्टीनं मोजले गेलो, आता फूटपट्टी आपली, असं सर भाषणात म्हणाले तेव्हा मागच्या रांगेत रेवतीचा ऊर भरून आला होता.

चाहूल निघाली. बोटाला सुई नको, पट्ट्या नकोत. हिरवं म्हणजे ठीक, लाल आणि आवाज म्हणजे धावा. ओजूचं रक्त तपासायचं यंत्र कपाटाच्या खणात गेलं. त्याच्या पट्ट्यांची मुदत संपली, ते कुणी पाहिलं नाही.

चार वर्षं हिरवं होतं.

*

मे महिना.

ओजू तेरा वर्षांची. शाळेच्या शिबिराहून आली. इन्शुलिनचं पेन दिवसभर बसच्या टपावरच्या बॅगेत भाजलं होतं. औषध दिसायला तसंच होतं, आतून मेलं होतं. ती ते टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी ओकली.

“ऊन लागलं,” दिनेश म्हणाला.

“बटण बघ रे.”

“हिरवं आहे.”

रेवतीनं कैरीचं पन्हं केलं, गुळाशिवाय. तळपायाला कांदा चोळला. खोलीत कूलरचा ओला वास, कांद्याचा वास, आणि त्याखाली एक गोडसर काहीतरी. रेवतीनं फळांची टोपली पाहिली, एक सफरचंद मऊ झालं होतं, ते फेकलं. वास गेला नाही.

“मम्मी, तहान लागली.”

“पी ना बाळा. उन्हाचं असंच असतं.”

ती फार जोरात श्वास घेऊ लागली तेव्हा त्यांनी गाडी बोलावली. चाहूल वाजली ती अँब्युलन्समध्ये. वाजत राहिली. दवाखान्यात कुणीतरी ती कॉलरवरून काढून ट्रेमध्ये ठेवली, तिथंही थोडा वेळ वाजली.

तेराव्याला माणसं गेल्यावर दिनेश एवढंच म्हणाला, “तुमचाच होता ना तो सेन्सर?”

पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. त्यानं रोज काढला असता तर बरं झालं असतं.

*

रेवतीनं ती चाहूल कामावर नेली आणि तपासणीच्या पेटीत घातली. तिला वाटत होतं, नापास होईल. एक तुकडा खराब निघाला, लाखात एक निघतो, तो आपल्या वाट्याला आला. असं काहीतरी कळलं तर रडता येईल.

चाहूल पास झाली. सगळ्या कसोट्यांना. तिच्यात काहीच वाईट नव्हतं.

*

त्याच वर्षीचं नवरात्र, आठवी माळ. पाळीची बस.

वर्षाताई शेजारच्या सीटवर. दर वर्षीसारखीच लवंग-पाण्यावर. गाल बसलेले, आवाज मात्र ठणठणीत. “रेवती, जरा बाटली धर,” म्हणून ती वळली, आणि तिचा श्वास रेवतीच्या तोंडावर आला.

कूलर. कांदा. फळांची टोपली.

रेवतीनं बाटली धरली नाही, ती खाली पडली आणि मागच्या सीटपर्यंत घरंगळत गेली.

“काय झालं वं? भूत पाह्यलं का?”

“ताई, आज पाळी सुटल्यावर दोन मिनिटं थांबशील?”

थांबली. रेवतीनं दोन चाहुली आणल्या, एक पुरुषांची, एक बायकांची. “दोन्हीवर फुंक.”

पुरुषांची लाल झाली आणि ओरडायला लागली. बायकांची हिरवीच.

वर्षाताई हसली. “बाप्याचं यंत्र ते. बाईवर बोंबलणारच.”

रेवती हसली नाही. नऊ दिवस उपाशी असलेली बाई आणि इन्शुलिन न मिळालेली पोर, दोघींच्या श्वासात एकच धूर असतो. एकीचा थोडा, एकीचा भयंकर. त्या वर्षी यंत्राला सांगितलं गेलं की हा थोडा धूर म्हणजेच साधी हवा. मग यंत्रानं ऐकलं. पोरींच्या श्वासात धूर भरत गेला आणि यंत्र म्हणत राहिलं, साधं आहे, साधं आहे. बोललं तेव्हा वेळ गेली होती.

*

घाटोळे सरांनी दोन्ही चाहुली टेबलावर ठेवून घेतल्या. त्यांना अर्ध्यातच कळलं. उरलेलं त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“नवरात्र,” ते म्हणाले. “माझी बायकोसुद्धा उपास करते, लांजेवार मॅडम. मी रोज तिच्यासमोर जेवत होतो.”

“आकडा बदलता येईल ना, सर? बाहेर गेलेल्या चाहुलींचा? मोबाइलवरून?”

“नाही.” त्यांनी चष्मा पुसला. “बदलता येणारी स्मृती ठेवली असती तर चिप महाग झाली असती. मग बाहेरचा माल स्वस्त आणि आपण बंद. म्हणून तो आकडा आपण आत जाळून टाकलाय. बारीक तारा जाळून. एकदा जळलं की कायम. त्याचंही मला बक्षीस मिळालंय.”

“मग परत मागवायच्या.”

“सगळ्या. देशभरातून.” ते खिडकीबाहेर पाहावं तसं पाहू लागले, पण त्या इमारतीला खिडकी नव्हती, समोर भिंत होती आणि भिंतीवर दुसऱ्या लाइनचा नकाशा. “पुढल्या महिन्यात चाहूल विकत घ्यायच्या करारावर अकरा देशांची सही आहे. त्यावर दुसरी लाइन उभी राहणार होती. सहीपर्यंत थांबता...” आणि ती काही बोलायच्या आत त्यांनीच हात हलवला. “नाही. नाही. मी बोललो नाही, समजा.”

मग म्हणाले, “समिती बसेल. त्यांच्यापुढे मी काय दाखवू? त्या वर्षी कोण उपाशी होतं, हे कुठेच नाही. आम्ही विचारलंच नव्हतं. वर माझा निबंध आहे, की आपल्या बायकांचा श्वासच असा. लोक निबंधावर विश्वास ठेवतील, कारण त्यांना तो आवडतो. बायकांनीच समोर येऊन सांगायला हवं.”

“सांगतील.”

“काय सांगायचं ते कळतंय का तुम्हाला? कुणासाठी उपास धरला होता, तेही विचारतील.”

रेवतीला ते कळत होतं. म्हणूनच ती वर्षाताईच्या घरी जायला दिवाळी उलटेपर्यंत धजली नाही.

*

वर्षाताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. रेवतीनं सगळं सांगितलं. मध्येच थांबली असती तर पुन्हा सुरुवात झाली नसती, म्हणून एका दमात.

शेंगा सोलणं थांबलं नाही.

“मी खाल्लं होतं,” वर्षाताई म्हणाली.

“काय?”

“त्या साली. तिसऱ्या माळेलेच मोडला मी. केळ खाल्लं चोरून, बाथरूममध्ये. तुम्हाले सांगितलं नाही.”

“ताई, सातव्या माळेला गाऊन घालताना तू पडलीस. मी उचललं तुला. अंगात काही नव्हतं तुझ्या.”

“ते बीपी होतं.”

“ताई.”

“मोडला म्हणते ना.” आता तिचा आवाज फाटला. “मोडला, म्हणून देवी कोपली, म्हणून गेली पोरगी. लाव मले बोल. आख्ख्या गावात सांग, वर्षी निखाडेनं नवस मोडला. ते मी सोसतो. पण मी नेमानं केला आणि त्यानंच... ते नको सांगू मले. हात जोडतो.”

तिच्या ओच्यात दाणे होते. हात जोडताना ते सांडले. वर्षाताई चुकून पुरुषासारखं ‘सोसतो, जोडतो’ बोलली नव्हती. तिच्या माहेरी, झाडीपट्टीत, बायका तसंच बोलायच्या, आणि एरवी कारखान्यात ती ते लपवायची.

रेवती खाली बसून दाणे वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, “मीपण धरला होता, ताई. माझाही श्वास आहे त्यात. मी आई आहे तिची.”

“मंग तू एकटी सांग.”

“एकटीचं कोण ऐकेल? आई वेडी झाली म्हणतील.”

“बाकीच्या?”

“त्या तुझ्याकडे बघून राहिल्यात.”

पलीकडच्या घरातली शाळकरी मुलगी कुंपणाशी आली, “आजी, बॉल द्या ना.” तिच्या कॉलरवर हिरवा ठिपका होता. हल्ली पुष्कळ मुलींच्या असायचा. आजार नसला तरी शाळा लावायला सांगत. वर्षाताईनं बॉल दिला, आणि ती मुलगी वळून गेली तरी हात तसाच पुढे राहिला.

*

समितीपुढचं बोलणं, जसं झालं तसं:

— नाव?

— वर्षा निखाडे.

— नमुना दिला त्या दिवशी आपण उपाशीपोटी होता?

— हो.

— किती वेळ?

— सात दिवस झाले होते. दोन उरले होते.

— नर्सला तसं सांगितलंत?

— तिनं रातीचं विचारलं. मी रातीचं सांगितलं.

— सात दिवस काहीच खाल्लं नाही?

— लवंगा.

— म्हणजे खाल्लं.

— लवंग का खाणं असते, साहेब?

(समितीतल्या एक बाई इथं हसल्या, मग त्यांनी मान खाली घातली.)

— हा उपास आपण दर वर्षी करता?

— त्या साली पहिल्यांदा. त्याच्याआधी मी भगर खाऊन करत होती.

— त्याच वर्षी का?

(वर्षा निखाडे दाराकडे पाहतात.)

— निखाडे बाई, प्रश्न समजला का?

— समजला. आमच्या सेक्शनमधल्या एका पोरीले शुगर निघाली होती. तिच्या जिवासाठी धरला. माझ्या सांगण्यावरून सगळ्यांनी धरला.

— ती मुलगी आता कशी आहे?

— तिची माय बाहेर बसली आहे. तिले विचारू नका. मी सांगितलं ना, माझ्या सांगण्यावरून.

*

बाहेर बाकावर दोघी बसल्या. चहा आला, निवला.

“निरंकार केला होता मी,” वर्षाताई म्हणाली. “एक दाणा नाही गेला पोटात.”

“माहीत आहे.”

“पुढल्या साली घट बसवू का नको?”

रेवतीनं ताईचा हात घेतला. लवंगांचा नाही, तेलाचा नाही, कशाचाच वास त्या हाताला नव्हता.

चाहुली परत आल्या. पोत्यांनी आल्या, ट्रकांनी आल्या. सही झाली नाही. दुसऱ्या लाइनचा नकाशा भिंतीवरून उतरला, पहिली लाइनही थांबली, आणि बसच्या फेऱ्या कमी होत होत एकच उरली. घाटोळे सरांनी निबंध मागे घेतला; नोकरीही सोडली, पण दवाखान्यांशी बोलणी करायला मात्र ते अजून येतात, बिनपगारी. नव्यानं श्वास गोळा व्हायचेत, वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या ऋतूंतून, आणि या खेपेला माणसांशी बसून नीट बोलायचं आहे. सर म्हणतात, उभा राहील कारखाना, सहा-सात वर्षं लागतील. जगातल्या प्रत्येक चांगल्या सेन्सरमागे अशी एखादी शरम आहे, म्हणतात. रेवती ऐकून घेते. परत आलेल्या चाहुली चुरा करायच्या यंत्रात टाकणं हे सध्या तिचं काम आहे. यंत्रात पडताना काही हिरव्या असतात.

दिनेशला तिनं सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. वर्षाताईलाही ती सांगितलेली नाही.

त्या नवरात्रात, बायका उपाशी होत्या त्या नऊही दिवसांत, ओजूची साखर एकदाही चढली नव्हती.